राखण

झोडग्याचं माणकेश्वर मंदिर मी पहिल्यांदा पाहिलं ते टोमॅटोच्या गाडीबरोबर जाताना. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून माल भरून गाडी रात्री इंदूरकडे निघाली होती. मालेगाव मागे पडलं आणि टायर बसलं. ड्रायव्हर आणि क्लिनर जॅक लावत होते. वरची कॅरेट सरकली नाहीत ना, एवढं बघून मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. उजाडत होतं, आणि मागे डोंगर, पुढे गाव आणि मध्ये एक काळपट शिखर असं हळूहळू वर यायला लागलं. शिखर उंच होतं, पण नजर उंचीवर ठरत नव्हती. एकाच आकाराची छोटी छोटी शिखरं रांगेवर रांग करून वर चढत गेलेली, कणसावर दाणे भरावेत तशी. मी टायरचं विसरून तिकडे गेलो. मंदिराशी माणूस नव्हता. एक निळी पाटी होती.

ती पाटी पुढे मी फार ठिकाणी पाहिली. सिन्नरला, अंजनेरीला, अंकाईला, पांडवलेण्यात. मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो: हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, त्याची नासधूस कराल तर अमुक शिक्षा, तमुक दंड. स्मारक कोणाचं, कधीचं, कशासाठी बांधलं, याची माहिती असलीच तर दुसऱ्या फलकावर, आणि तो फलक बहुधा उन्हाने उडालेला. मी द्राक्षबागायतदाराच्या घरातला. ही पाटी पाहिली की मला आमच्या बागेतलं बुजगावणं आठवतं. सदरा घालून, डोक्यावर मडकं ठेवून ते इमानाने उभं असतं, आणि पहिल्या आठवड्यानंतर पाखरं त्याच्या खांद्यावर बसतात. बाग वाचते ती राखणीला बसलेल्या माणसामुळे. तो गोफण फिरवतो, पत्र्याचा डबा बडवतो, निफाडचा पारा उतरला की मध्यरात्री उठून ओळींमधून शेकोट्या पेटवतो. आता जाळ्या आल्या, चकाकणाऱ्या फिती आल्या, पण माणूस सुटलेला नाही.

या पुस्तिकेला प्रस्तावना लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पण नाशिक जिल्ह्यातल्या संरक्षित स्थळांच्या या नोंदी ज्या मुलांनी केल्या, त्यांनी एक गोष्ट चांगली केली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांनी एक ओळ ठेवली: ‘त्या दिवशी तिथे कोण होतं?’ कुठे लिहिलंय ‘एक चौकीदार’. कुठे ‘शाळकरी पोरं, क्रिकेट’. कुठे ‘शेळ्या’. ती ओळ वाचली आणि मी हो म्हणालो.

‘संरक्षित’ या शब्दाचा कागदावरचा अर्थ आधी सांगून टाकतो, कारण त्यात घोळ फार होतो. आपल्याकडे संरक्षणाच्या दोन याद्या आहेत. एक केंद्राची, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. तिचा कायदा १९५८चा. त्याआधी लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ साली, पहिला स्मारक संरक्षण कायदा झाला होता. दुसरी यादी राज्याची, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. तिचा कायदा १९६०चा. गोंदेश्वर, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वराचं मंदिर, अंजनेरीची मंदिरं, अंकाईची जैन लेणी, झोडगे ही केंद्राच्या यादीत. नाशिकचं सुंदरनारायण मंदिर, साल्हेरचा किल्ला ही राज्याच्या. या दोन्हींत नसलेलं जे उरतं ते गावाचं, देवस्थानाचं, नाहीतर कोणाचंच नाही. २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. शिक्षाही वाढली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बुजगावण्याचा सदरा नवा झाला, असं माझा एक मित्र म्हणतो. मी त्याच्याइतका कडवट नाही. त्या १०० मीटरांमुळे सिन्नरला गोंदेश्वराभोवती मोकळं आभाळ उरलं आहे. शहर चारी बाजूंनी कसं सरकत आलंय ते तिथल्या ओट्यावर उभं राहून बघावं.

आता मला ज्यासाठी ही प्रस्तावना लिहावीशी वाटली, त्या लेण्यांकडे येतो.

नाशिकहून मुंबईकडे निघालं की डाव्या हाताला त्रिरश्मी डोंगर लागतो. त्याच्या पोटात रांगेने २४ लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्षूंची. जाणकार या नावावर चिडतात, मी चिडत नाही. ज्या शतकांत ब्राह्मी लिपी वाचणारं कोणी उरलं नव्हतं, त्या शतकांत एवढी मोठी खोदाई कोणाची म्हणायची, याचं लोकांनी आपल्या परीने दिलेलं ते उत्तर आहे. आपलं म्हणायला काही नाव लागतं. तसंच ‘हेमाडपंती’चं. कुठलंही काळ्या दगडाचं, चुना न वापरलेलं देऊळ आपल्याकडे हेमाडपंती असतं. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातले, यादवांचे मंत्री. गोंदेश्वर आणि झोडगे त्यांच्या आधीचे. पण खेड्यातल्या म्हाताऱ्याने ‘हेमाडपंती हाय’ म्हटलं की त्यात ‘जुनं आहे, हात लावू नका’ हेही आलेलं असतं. ही पुस्तिका छापायला जाण्यापूर्वी मुलांनी तो शब्द सगळीकडून काढून ‘भूमिज शैली’ केलं. बरोबर केलं. मी फक्त एका जागी तो परत घालायला लावला, जिथे गावकऱ्याचं बोलणं त्याच्या शब्दांत आहे.

तर लेणी. तिथले शिलालेख भगवानलाल इंद्रजींनी वाचून १८८३च्या नाशिक गॅझेटियरसाठी दिले, पुढे सेनार यांनी पुन्हा वाचले. शाळेत आपण त्यातलं एकच ऐकलेलं असतं: गौतमी बलश्री, तिचा पराक्रमी मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, तीन समुद्रांचं पाणी प्यालेले त्याचे घोडे. ते आहेच, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात. पण मला त्या भिंतींवर जास्त भावतो तो हिशेब. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने हे लेणं दिलं, आणि लेण्याबरोबर तीन हजार कार्षापण दिले. ते पैसे भिक्षूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले. एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. आणि वर ताकीद: मुद्दल परत द्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, वस्त्रासाठी. कागद घेऊन मांडा. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी इकडची तिकडे नाही. आमच्या सोसायटीच्या सचिवाला मी हा हिशेब दाखवला, तर तो म्हणाला, “ऑडिटला पण काही सापडायचं नाही.”

या ठेवीला त्या लेखांत शब्द आहे, अक्षयनीवी. कधी न संपणारं भांडवल. आणि लेखाच्या शेवटी अशी नोंद आहे की हे सगळं निगमसभेत ऐकवलं गेलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं गेलं. हा ‘फलक’ शब्द वाचला आणि मी थबकलो. तो फलक म्हणजे सार्वजनिक दप्तर: कोणाकडे किती ठेवले, काय दराने, कोणासाठी. राखणीचा खर्च कोण आणि कुठून करणार, हे गावासमोर लिहून ठेवलेलं. आपल्या निळ्या फलकावर शिक्षा आहे, खर्चाचं कलम नाही.

त्यानंतरच्या काळात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीत, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनेही अशीच ठेव ठेवली. तिने कुंभारांच्या श्रेणीकडे एक हजार, ओदयंत्रिकांकडे म्हणजे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे दोन हजार, तेल्यांकडे पाचशे दिले. कशासाठी, तर आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. राजा बदलला, घराणं बदललं, पण पैसा गावातल्या कारागिरांकडे ठेवून त्याच्या व्याजावर डोंगरावरची व्यवस्था चालवायची ही रीत बदलली नाही. पाणी, तेल, मडकी, कापड यांचा धंदा चालला तर लेणं चालणार. माझ्या मनात येतं, आज कोणी अशी ठेव ठेवायची म्हटली तर ती कांदा व्यापाऱ्यांकडे ठेवावी की द्राक्ष निर्यातदारांकडे? दोघेही तोंड फिरवतील, आणि कांद्याच्या भावावर शेकडा एक तर कोणी देणार नाही.

याच डोंगरावर, तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, गौतमीपुत्राच्या कारभाराचे दोन लेख शेजारी शेजारी आहेत. ते प्रत्येक तलाठ्याने वाचावेत असे आहेत. पहिला राज्यवर्ष अठराचा. विजयाच्या छावणीतून राजा गोवर्धनच्या अमात्याला हुकूम देतो की अपरकखडी गावातलं, पूर्वी उषवदाताच्या वहिवाटीत असलेलं दोनशे निवर्तनं शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिलं आहे. त्या शेताला सवलती: राजाच्या माणसांनी त्यात शिरायचं नाही, त्रास द्यायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. संरक्षित क्षेत्राची ही अधिसूचनाच म्हणा. दुसरा लेख सहा वर्षांनंतरचा. आता हुकूम राजाचा आणि राजमातेचा, नव्या अमात्याला. त्यात म्हटलंय की ते आधी दिलेलं शेत कोणी कसत नाही आणि गावही वसलेलं नाही. म्हणून नगराच्या शिवेवरच्या आमच्या स्वतःच्या शेतातली शंभर निवर्तनं त्या भिक्षूंना द्या, आणि त्याच सवलती लावा.

हे मला फार मोठं वाटतं. दान दिलं, दगडावर कोरलं, तीन समुद्रांचा राजा आहे, पण सहा वर्षांनी कोणीतरी जाऊन पाहिलं की शेत पडीक आहे. तसा अहवाल वर गेला असणार. आणि वरून चूक कबूल करून दुरुस्ती आली, तीही दगडावर कोरली गेली. मुलगा पुळुमावी याच्या काळातही लेण्याच्या देखभालीसाठी लावून दिलेलं एक गाव बदलून दुसरं दिल्याचा लेख तिथेच आहे. लेणी दोन हजार वर्षं टिकली ती काळा दगड कठीण म्हणून, हे खरं. पण ती चार-पाचशे वर्षं वापरात राहिली ती अशा पाठपुराव्यामुळे.

आता आजचा हिशेब. केंद्राच्या यादीत देशभरात साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं आहेत. २०२२च्या अखेरीस संसदेच्या समितीसमोर आलेली माहिती अशी की त्यांपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी आहेत, एकूण २,५७८, आणि गरज सात हजारांची आहे. त्याच वेळी हेही सांगितलं गेलं की ५० स्मारकं हरवली आहेत. देऊळ हरवतं कसं, असं आमच्या घरात विचारलं गेलं. त्याचं उत्तर सरकारी कागदात तीन ओळींत आहे. १४ शहरवाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली, २४ सापडतच नाहीत.

धरणाखाली गेलेल्या देवळांशी आपला परिचय आहे. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर बाहेर येतं. दुष्काळात लोक गाड्या करून बघायला जातात, आणि त्या आनंदात दुष्काळ असतो हे कोणाला आठवत नाही. पण पाण्याखाली जाणाऱ्या वारशासाठी जग पहिल्यांदा हललं ते इजिप्तमुळे. अस्वानचं उंच धरण नाईलवर होणार होतं आणि नूबियाची मंदिरं बुडणार होती. युनेस्कोने १९६०च्या मार्चमध्ये जगाला हाक दिली. अबू सिंबेलचं मंदिर कापून, ठोकळ्याठोकळ्याने उचलून, सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे पुन्हा उभारलं गेलं. १९६८मध्ये ते काम पुरं झालं. आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही, पण त्या मोहिमेत भारतही होता. १९६१-६२च्या हंगामात बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने नूबियात अफ्येह इथे उत्खनन केलं. स्वातंत्र्याला पंधरा वर्षं झालेल्या देशाने दुसऱ्याच्या बुडत्या वारशासाठी माणसं पाठवली. त्याच अनुभवातून १९७२चा जागतिक वारसा करार झाला, ज्याच्या यादीत २०२५च्या जुलैमध्ये आपला साल्हेर गेला.

साल्हेरबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण पुस्तिकेतली सर्वांत मोठी नोंद तीच आहे आणि छायाचित्रंही सुरेख आहेत. बागलाण तालुक्यातला हा किल्ला महाराष्ट्रात सर्वांत उंच, १,५६७ मीटर. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. युनेस्कोच्या ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नामांकनातल्या बारा किल्ल्यांपैकी आठ केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत आणि चार राज्याच्या, साल्हेर या चारांतला. निवड झाली तेव्हा पिंपळगावातही फटाके वाजले. फटाके वाजवणाऱ्यांपैकी किती जण गडावर गेले होते, हे मी विचारलं नाही. मीही उशिराच गेलो होतो.

माझ्या मनात जास्त घोळतात ती दोन ठिकाणं जिथे संरक्षणाचा आणि माणसांचा पेच पडला आहे.

पहिलं नाशिकची जुनी गढी. गोदेच्या काठी मातीचा उंच ढिगारा, त्यावर घरं. बाहेरून आलेल्याला तिथे बघण्यासारखं काही नाही. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१मध्ये इथे खणलं. त्याच हंगामात संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे इथेही खणलं, आणि दोन्हींचा एकत्र अहवाल डेक्कन कॉलेजने १९५५ साली काढला. ज्या ताम्रपाषाण संस्कृतीला आज सगळी दुनिया ‘जोर्वे’ म्हणते, तिचा वृत्तांत आणि आपल्या नाशिकचा वृत्तांत एका पुठ्ठ्यात बांधलेले आहेत. गढीत वरून खाली शहराच्या वस्तीचे थर लागत गेले, पार ताम्रपाषाण काळापर्यंत. म्हणजे तो ढिगारा हाच नाशिकचा सर्वांत जुना दस्तऐवज. आणि तो दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळतो. काठावरच्या घरांना दर पावसाळ्यात नोटिसा जातात. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात. गढी वाचवायची तर ती हलली पाहिजेत. त्यांना हलवायचं तर कुठे? या प्रश्नाला पुरातत्त्वाच्या पुस्तकात उत्तर नाही, आणि मुलांनी नोंदीच्या तळाशी ‘तिथे कोण होतं’ यापुढे लिहिलं आहे: ‘भांडी घासणारी एक आजी. चहा दिला.’

ट्युनिशियात कार्थेजचं असंच आहे. ज्या हॅनिबलच्या नगराची गोष्ट आपण इतिहासात वाचतो, ते नगर आज ट्युनिस शहराचं श्रीमंत उपनगर आहे. १९७९पासून जागतिक वारसा यादीत आहे. जमिनीखाली प्युनिक आणि रोमन शहर, वर बंगले. बेन अली यांच्या राजवटीत तिथल्या काही संरक्षित जमिनी यादीतून वगळून घरांसाठी मोकळ्या केल्या गेल्या. २०११च्या क्रांतीनंतर ते वगळणं रद्द झालं. कागदावर रद्द झालं तरी बांधलेली भिंत उभीच राहते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्याच देशात एल जेमचं रोमन रंगमंडल आहे, ३५ हजार माणसं बसतील एवढं. त्याचे दगड काढून गाव वसवलं, काही कैरवानच्या मोठ्या मशिदीला गेले. आपल्याकडेही धरणाच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात, गावच्या वेशीत कोरीव दगड सापडतात. माझ्या आजोळी शेताच्या बांधात एक वीरगळ आडवा घातलेला होता, त्याच्यावर बसून आम्ही कोय चोखायचो. वरच्या भागात अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत, हे मला तीस वर्षांनी कळलं.

दुसरा पेच चालत्या देवळांचा. त्र्यंबकेश्वर केंद्राच्या संरक्षणात आहे. नानासाहेब पेशव्यांनी सुरू केलेलं ते मंदिर काळ्या दगडात आहे आणि रोज हजारो माणसं त्यात शिरतात. तिथे पुजारी आहेत, विश्वस्त आहेत, दुकानदार आहेत, सिंहस्थ आहे. स्मारक म्हणून पाहणाऱ्याला गर्दी हे संकट वाटतं, भाविकाला पुरातत्त्व खातं. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण मला भीती वाटते ती दुसऱ्याच शब्दाची, जीर्णोद्धार. हा शब्द ऐकला की छातीत धस्स होतं. गावात कोणाचं तरी भलं होतं, जमिनीला भाव येतो, द्राक्षं एका हंगामात चांगली जातात, आणि देवाचं ऋण फेडायचं म्हणून लोकवर्गणी निघते. जुनं दगडी देऊळ खाली घेतलं जातं. चौथऱ्यावर कॉलम उभे राहतात, आत टाईल्स, बाहेर ऑइल पेंट. नवस फेडणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट तोच एक जण गावात देवळासाठी रात्रीचा दिवस करत असतो. त्याला ‘तू चुकतोयस’ म्हणून सांगायचं कोणी? मी एकदा सांगून पाहिलं. मला विचारलं गेलं, “गळतं तेव्हा तुम्ही आला होता का?” मी आलो नव्हतो.

म्हणून सुंदरनारायणाचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी गोदेच्या काठी बांधलेलं हे मंदिर झिजलं होतं. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने दगड उतरवून, क्रमांक घालून, पुन्हा रचण्याचं काम हाती घेतलं. वर्षानुवर्षं परांच्या लागलेल्या. जाणारे-येणारे कंटाळून विचारायचे, कधी संपणार. मला त्या रेंगाळण्याचा राग आला नाही. चुन्याचं काम घाईत होत नाही. आमच्याकडे कांद्याची चाळ एका आठवड्यात उभी राहते, आणि तिचं आयुष्यही तेवढंच धरून चालतो.

भूमिज शैलीचा उल्लेख वर आला, त्यात पिंपळगावकरांच्या कामाची एक गोष्ट आहे. शिखरावर लहान शिखरांच्या उभ्या-आडव्या रांगा चढवायची ही पद्धत माळव्यात आणि दख्खनमध्ये फुलली. माळव्यातलं उदयपूरचं उदयेश्वर, कोकणात अंबरनाथ, आपल्याकडे सिन्नर आणि झोडगे. हेन्री कझिन्स यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या १९३१च्या ग्रंथात सिन्नर, झोडगे, अंजनेरी तिन्ही आहेत. कारागीर ज्या वाटांनी ये-जा करत असतील त्यांतली एक मोठी वाट तापी ओलांडून माळव्याला जाणारी. आजचा आग्रा रस्ता तिच्याच अंगाने जातो. म्हणजे आमचा टोमॅटो ज्या दिशेने वर जातो, त्या दिशेने ती शिखरं कधीतरी खाली आली असतील. मी हे बाजार समितीच्या कट्ट्यावर सांगितलं तर एक अडत्या म्हणाला, “मग भाडं कोणाला परवडलं?”

अंजनेरीची एक नोंद वाचकाने चुकवू नये. तिथल्या जैन मंदिरातला लेख शके १०६३चा, म्हणजे इ. स. ११४१चा. यादव राजा सेउणचंद्राच्या काळात चंद्रप्रभाच्या मंदिरासाठी दुकानाचं उत्पन्न लावून दिल्याचा तो लेख आहे. पुन्हा तेच, एक हजार वर्षांनी. उषवदाताचे विणकर गेले, दुकानदार आले, आणि देवाच्या दिव्याचं तेल बाजारपेठेतून यायचं ठरलं. ज्या अंजनेरीत आज हनुमानाच्या जन्माची कथा सांगत गर्दी डोंगर चढते, तिथे खाली हे मोडके मंदिरसमूह ओस पडलेले असतात. नाणकशास्त्राची एक नामांकित संशोधन संस्थाही याच गावात आहे. तिथे क्षत्रपांची चांदीची नाणी हातात घेऊन बघता आली तर उषवदाताचा हिशेब एकदम खरा वाटायला लागतो.

पुस्तिका वापरायची कशी, हेही सांगायला हवं. नोंदी तालुक्यांप्रमाणे आहेत. चांदवडचा रंगमहाल आणि डोंगरातली जैन लेणी एका दिवसात होतात, त्यात अंकाई-टंकाईही बसवता येईल, पण मनमाडकडून जावं आणि उन्हाळ्यात पाणी जास्त घ्यावं. देवळाण्याला जोगेश्वराच्या मंदिरात जाणार असाल तर बागलाणातलं डाळिंब तिथेच विकत घ्या, इथे पिंपळगावात नको. पांडवलेण्यात सकाळी जा, तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत तिरका उजेड असेपर्यंत अक्षरं वाचता येत नसली तरी दिसतात. पुस्तिकेच्या शेवटी मुलांनी आठ कोरी पानं ठेवली आहेत, तुमच्या गावातल्या, कुठल्याही यादीत नसलेल्या दगडांसाठी. माझ्या प्रतीत पहिल्या पानावर आजोळचा वीरगळ लिहिला आहे. बांधातून काढून तो आता मारुतीच्या पाराशी उभा केला आहे. शेंदूर लावलेला आहे, पण उभा आहे.

झोडग्याला एसटीने जाणार असाल तर पिंपळगावच्या स्टँडवरून धुळ्याकडची गाडी धरा आणि चढतानाच वाहकाला सांगून ठेवा. लांब पल्ल्याची गाडी तिथे थांबेलच असं नाही.